बारा पिचचा पंखा आणि बेटावरचा नवरदेव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसून माझी लिंक तोडू नका. फजिती माझीच आहे, पण आमच्या घरातली म्हातारी मंडळी ती गेलं वर्षभर चुकीची सांगत फिरतायत. आप्पांच्या सांगण्यात तर मी त्यांना पाण्यात ढकललं होतं. ढकललं नव्हतं. उतरवलं होतं. हाताला धरून, सन्मानानं.

तर ऐका.

आमचं गाव मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. पावसाळा सरला की पाणी पार आमच्या बांधाला येऊन टेकतं. समोरच्या काठावरची गावं डोळ्यांना दिसतात, देवळाचा कळस दिसतो, तिकडं लाऊडस्पीकरवर कुणाचं नाव पुकारलं तर तेही ऐकू येतं. पण गाडीनं जायचं म्हटलं की धरणाला वळसा घालून अर्धा दिवस मोडतो. म्हणून आमच्याकडं बोट. फायबरची, लहानशी, मागच्या फळीवर इंजिन टांगलेलं. सुट्टीला शहरातली माणसं येतात त्यांना फिरवायचं, एरवी अलीकडची माणसं पलीकडं सोडायची. ती चालवतो मी. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून घरी आलेला मी. घरात माझी ओळख तेवढीच आहे. कुणी पाहुणा आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी म्हशी दाखवतात, मग विहीर, आणि शेवटी माझ्याकडं हात करून म्हणतात, "आन ह्यो सोडल्याला."

माझा थोरला भाऊ संतूदादा माझ्या अगदी उलट. कारखान्यात पर्मनंट, स्वभावानं गाय, चहाला नाही म्हणायलासुद्धा दोनदा विचार करणार. पण लग्न जमेना. पस्तिशीला आला तरी जमेना. कुणाला पुण्यात फ्लॅट पाहिजे होता, कुणाला शेती पाहिजे होती पण शेतकरी नको होता. आणि आमच्या मोठ्यांचा त्यावरचा उपाय काय, तर बायोडाटावर दादाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. त्यात दादा शेवग्याच्या शेंगेसारखा दिसतो. दरम्यान कारखान्याच्या कॅन्टीननं त्याला भोपळ्याच्या वर्गात नेऊन बसवलंय.

"फोटो बदला," मी म्हणालो. "हा तर माझा वाटतो."

"चालू फोटो बदलत नसत्यात," नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचा मध्यस्थ. लग्नं जमवणारा माणूस. ह्यांनी जमवलेली निम्मी लग्नं कोर्टात आहेत, पण गावात मान असा की विचारू नका.

तर तुळशीची लग्नं उरकली आणि ह्याच नानांनी एक स्थळ आणलं. समोरच्याच काठावरचं. मुलगी शिकलेली, मनीषा नाव, तालुक्याला बँकेत कामाला. वडील रिटायर हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मुलीला शेतकरी घर चालत होतं, कारखाना चालत होता, वय चालत होतं. आमच्या आईनं त्या रात्री देवापुढं दोन दिवे लावले.

"फकस्त एक हाय," नाना म्हणाले. "मानूस टायमाचा लई कडक. दहा म्हंजे दहा. मागं एक पार्टी अर्धा तास उशिरा ग्येली, तर च्या बी न विचारता दारातनं वाटं लावली. म्हनला, ज्यांना वेळ पाळता येत न्हाई त्यांना पोरगी काय पाळता येनार."

"मग बोटीनं जाऊ," मी म्हणालो. "पाव तासात पोचवतो."

आता हे मी म्हणालो खरं, पण त्याच आठवड्यात बोटीनं पाण्याखालच्या बाभळीच्या खोडाला धडक दिली होती. धरण झालं तेव्हा बुडालेली ती झाडं, कुठं काय उभं आहे ते देवालाच ठाऊक. पंख्याचं एक पातं तुटलं, दुसरं वाकलं. पंखा म्हणजे प्रोपेलर हो. इंजिनाच्या शेपटाला पाण्यात फिरतो तो. दादाच्या आयुष्याची नाव पैलतीराला लावायची आणि नावेला पंखाच नाही, अशी परिस्थिती.

झालं. नवा पंखा कुठला घ्यायचा यावर आमच्या ओट्यावर परिषद भरली. तिथं बसलेल्या तिघांचं वय एकत्र केलं तर धरणापेक्षा जास्त भरेल, आणि तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही.

अण्णा म्हणाले, "चार पात्याचा घे. तीनापरीस चार कवाबी बरं."

"मग आठ पात्यांचा घेऊ का?"

"मिळतो का?"

आप्पा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "पितळंचा घ्या. उद्या मोडला तरी मोडीत जातोय. घेताना नेहमी मोडीचा इचार करावा." हा माणूस लग्नातसुद्धा आहेराच्या भांड्याचं बूड वाजवून बघतो.

नाना म्हणाले, "कंपनीचाच घे, पर डुप्लिकेट. वरिजनलचं निसतं नाव असतंय."

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "तुम्ही तिघं गप्प बसा. ह्यात शास्त्र असतं."

असतंच. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला पंख्याच्या व्यासाचा. दुसऱ्याला म्हणतात पिच. स्क्रू लाकडात एक फेरा फिरवला की जेवढा आत शिरतो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात जेवढा पुढं जाईल, ते इंचात. जुना नऊ पिचचा होता. म्हणजे एका फेऱ्यात नऊ इंच. मग बाराचा बसवला तर? एका फेऱ्यात बारा इंच. इंजिन तेच, पेट्रोल तेच, आणि बोट एका फेऱ्याला तीन इंच फुकटात पुढं. बरोबर ना? तुम्हीसुद्धा मान हलवलीत, बघा. तीन वर्षं फी भरून मीही अशीच हलवत होतो.

मुंबईकडच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "वेग पाहिजे का ओढ?"

मी म्हणालो, "ओढ इंजिनात असते, पंख्यात नसते. वेग द्या."

पलीकडून नुसतं "बरं" आलं. गिऱ्हाईकच एवढं हुशार म्हटल्यावर तो तरी काय बोलणार.

पंखा आला. काळा कुळकुळीत, पाती अशी पिळदार की बघत बसावं. मी तो दांड्यावर चढवला, नट आवळला, नटातून पिन ठोकली आणि ओट्यावरच्या परिषदेला म्हणालो, "चला, ट्रायल घेऊ. बसा सगळे."

कुणी हलेना. आई पदर सावरत म्हणाली, "नारळ फोडल्याबिगर कुनी पाय ठेवायचा न्हाई. नवी वस्तू हाय."

आमच्याकडं हे असंच असतं. ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो, पिठाची गिरणी असो, नारळ फुटेपर्यंत ती वस्तू घरची नसते. आणि नारळ त्याच दिवशी फोडायचा असं ठरलं, ज्या दिवशी मुलगी बघायला जायचं. का? तर आप्पा म्हणाले, एका नारळात दोन कामं होतील.

"मी मानत नाही असलं काही," म्हणून मी एकटा बसलो. एकटा. हा शब्द लक्षात ठेवा. माझं वजन भिजल्या कपड्यांसकट साठ किलो भरत नाही.

इंजिनाची मूठ पिळली आणि बोटीनं जे नाक वर काढलं ते थेट पाण्यावर सरपटायलाच लागली. काठावरचे बगळे उडाले. मी एक गोल चक्कर मारली, दुसरी मारली, तिसरी मुद्दाम ओट्यासमोरून मारली आणि परिषदेच्या धोतरांवर पाणी उडवलं. काठाला आलो तर अण्णा म्हणाले, "हं."

तुमच्या लक्षात येणार नाही. आमच्या अण्णांचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या बापानं मारलेली मिठी. मी रात्रभर त्या "हं"वर झोपलो.

दिवस उजाडला. नारळ फुटला. खोबरं वाटण्यात वेळ गेला, कारण आप्पांना त्यांचा तुकडा लहान वाटला. मग मंडळी बोटीत बसायला लागली. अण्णा, आप्पा, नाना, दादा, आई, आत्या आणि मी. सगळ्यांना नारंगी लाइफ जॅकेटं घातली. फेट्याखाली नारंगी जॅकेट म्हणजे बाप्ये कुठल्याशा पक्षाच्या मेळाव्याला निघाल्यासारखे दिसत होते. नानांच्या जॅकेटचं बक्कल लागेना, ते मी सुतळीनं बांधलं. दादानं ब्लेझर घातला होता, त्यावर जॅकेट चढवलं तर त्याला मान वळवता येईना. आणि एवढं झाल्यावर आप्पांनी डाळिंबाचे तीन क्रेट आणून पायाशी ठेवले.

"हे कशाला?"

"पावन्यांना कळू दी, बाग हाय म्हनून."

"मुलगी बघायला चाललोय, मार्केटला नाही."

"तू बोट चालीव."

चालवली. म्हणजे मूठ पिळली. इंजिन ओरडलं. मग ओरडायचं थांबून कण्हायला लागलं. बोटीचं नाक आभाळाला, बूड पाण्यात, मागून धूर, आणि वेग असा की काठावरची शेळी आमच्याबरोबर चालत होती आणि मध्ये थांबून चरतही होती.

मी मूठ आणखी पिळली. आवाज आणखी खोल गेला, बस.

"फुडं सरका," अण्णा म्हणाले. सगळे पुढं सरकले. बोट हलली, वेग तोच.

"मागं सरका," आप्पा म्हणाले. सगळे मागं. माझ्या बुटात पाणी आलं.

"प्येट्रोलमधी पानी असंल," नाना म्हणाले. "आमच्या साडूच्या लूनाला असंच झाल्तं."

"गण्या," दादा हळूच म्हणाला, "साडेनऊ झाले रे." त्याच्या कपाळावर घाम. मान वळत नसल्यानं तो हे समोरच्या पाण्याला सांगत होता.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. आमच्याकडं मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात, दोन्ही हातांत फळकुटं घेऊन पाणी मारत. तो तसा पाणी मारत मारत आमच्या बाजूला आला. आमच्याकडं बघितलं. ब्लेझर बघितला, डाळिंबं बघितली.

"बंद पडली का?"

"चालू हाय," मी म्हणालो.

"मंग?"

मी मूठ पिळून दाखवली. तो आणखी थोडा वेळ सोबतीला थांबला, मग कंटाळला आणि पुढं निघून गेला. फळकुटांवर. आमच्या इंजिनाच्या पुढं.

आणि तेव्हा, तो पाठमोरा जाताना बघत असताना, मला लख्ख कळलं. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि ट्रॅक्टर टॉप गिअरला टाकायचा, तर तो काय करेल? हेच करेल. जागेवर कण्हेल. पिच म्हणजे दुसरं तिसरं काही नसून गिअर. जास्त पिच म्हणजे टॉप. हलक्या बोटीला तो पळवतो. भरल्या बोटीत इंजिनाला ते पिळदार पातं धड फिरवताच येत नाही, मग कसले बारा इंच आणि कसला वेग. ट्रायलला बोटीत फक्त मी होतो. नारळ फुटला नव्हता म्हणून. मी न मानणारा एकटा शहाणा.

आता हे त्या बोटीत कबूल करणार का मी? अण्णांच्या "हं"ला अजून एक दिवसही झाला नव्हता.

"वजन जास्त झालंय," मी म्हणालो.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"माझं म्हनशील तर निसती हाडं हायेत," आप्पा म्हणाले. आप्पा दोन खुर्च्या मोडलेला माणूस.

"मला तर शुगर झाल्यापासून अंगच राह्यलं न्हाई," नाना म्हणाले. सुतळी त्यांच्या पोटात रुतलेली होती.

मधोमध एक बेट आहे. खरी ती टेकडीच, पाणी भरलं की डोकं तेवढं वर राहतं. मी बोट तिकडं वळवली आणि माझी योजना सांगितली. जड माणसं इथं उतरा. हलकी माणसं घेऊन मी पुढं जातो. दहाच्या आत निम्मी मंडळी दारात दिसली म्हणजे वेळ पाळली. लगेच परत येतो, दुसऱ्या खेपेला बाकीचे. काय चुकलं ह्यात? हिशेब अगदी बरोबर होता.

"बेटावर साप असत्याल," आप्पा म्हणाले.

"ते तुम्हाला बघून जातील."

अण्णांनी धोतर सावरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यात "हं" नव्हतं. ते उतरले. आप्पा उतरले, नाना उतरले, डाळिंबं उतरली. दादा मुळातच ऐकणारा, तो न सांगता उतरला, ब्लेझर वर धरून.

"लगेच ये हां, गण्या," तो म्हणाला.

"हा गेलो नि आलो."

आई आणि आत्या बोटीत. दोघी मिळून एका आप्पांएवढ्या भरणार नाहीत. मूठ पिळली आणि बोट सुटली. काय सुटली. आत्यानं डोक्यावरचा पदर दातात धरला. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे, मागं पांढरी रेघ. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती, ती बोट दाखवून बोलत होती. मी तर म्हटलं, पंखा एक नंबर आहे. चूक आहे ती माणसांत.

काठावर गुरुजी उभे. पांढरा सदरा, हातात घड्याळ. मी उडी मारून दोर खुंटीला बांधला. त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं, आणि चेहरा फुलला.

"दहाला पाच कमी. वा. या, या."

"राहिलेली मंडळी मागून येतायत," मी म्हणालो. "त्यांना घेऊन येतो."

"येतील सावकाश. असं दारातून परत फिरायचं नसतं. आधी दोन घास खा." आणि त्यांनी माझा हात धरला. हेडमास्तरचा हात तुम्हाला माहीत असेल. त्यातून सुटून कुणी मैदानावर गेलेलं नाही. शिवाय खरं सांगू? पोह्यांचा वास आला. मी सकाळपासून खोबऱ्याच्या एका तुकड्यावर होतो. म्हटलं, पाच मिनिटं.

आई आणि आत्याला बायकांनी कधीच आत नेलं होतं. तशीच रीत आहे. बायका आत, बाप्ये पडवीत. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, गुरुजी आणि त्यांचे दोन भाऊबंद. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, बोट चालवणाऱ्याला कुणीतरी मान देतंय, चांगली माणसं आहेत.

"शिक्षण काय झालं तुमचं?" गुरुजींनी विचारलं.

झालं सुरू, मी मनात म्हटलं. बाप्यांच्या घोळक्यात मी गेलो की हेच होतं. लग्न असो, मयत असो, सगळ्यांना माझ्या शिक्षणाची काळजी. मग मीही ठरवलेलं आहे, विचारलं की खरं सांगायचं.

"इंजिनिअरिंग. तिसऱ्या वर्षाला सोडलं."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "सोडलं? का बरं?"

"शिकवणाऱ्यांना येत नव्हतं."

गुरुजींच्या हातातला कप बशीवर वाजला. "म्हणजे दोष शिक्षकांचा?"

"सगळाच नाही. थोडा वडिलांचा पण आहे. त्यांनी घातलं होतं."

"आणि कारखान्याचं काय?"

मला वाटलं, आता हे नोकरीचा उपदेश करणार. "कारखान्यात मी मेलो तरी जायचो नाही. सायबांच्या गाड्यांची दारं उघडायला माणूस जन्माला येत नाही."

"मग सध्या?"

"बोट चालवतो. तीही हंगामात."

"आणि हंगाम नसताना?"

"झोपतो."

भाऊबंदांपैकी एकानं खिशातून घडी घातलेला बायोडाटा काढला, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला आणि गुरुजींच्या कानाला लागला. मला वाटलं, माझ्या वागण्याबद्दल कुजबुजतायत. कुजबुजा म्हटलं. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. ट्रे ठेवला आणि समोर बसली. चेहरा शांत, नजर सरळ. मला एकदम पसंत पडली. म्हणजे दादासाठी हो.

तिनं विचारलं, "तुम्हाला राग लवकर येतो का?"

"मला राग येत नाही," मी पोहे खात म्हणालो. "लोक आणतात."

ती हसली नाही. गुरुजींनी घसा साफ केला. "बरं, ते असू द्या. तुमचे वडील कुठं राहिले?"

"बेटावर."

"बेटावर?"

"मधे टेकडी नाही का, तिथं. मीच उतरवलं."

"वडिलांना? का?"

"वजन होत होतं."

भाऊबंदांनी खुर्च्या जरा मागं सरकवल्या. मला वाटलं, ह्यांना शास्त्र कळलं नाही. मुलगी शिकलेली, म्हणून तिच्याकडं वळून मी समजावून सांगितलं. "कसंय, म्हातारी माणसं सोबत घेतली की पुढं जाताच येत नाही. नुसतं इंजिन कण्हतं. एकदा का ती उतरवली, की कसं, मोकळं. वेगच वेग. तुम्ही आत्ता बघितलंच ना काठावरून?"

"आणि परत आणणार आहात का त्यांना?" तिनं विचारलं.

"आणीन की. पोहे झाले की."

गुरुजी उठले. चाळीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरं वर्गाबाहेर काढली असतील, पण इतक्या हळू आवाजात नसतील.

"हे बघा. बायोडाटात खोटं लिहिलंत, तेही मी सहन केलं असतं. पण ज्यानं जन्मदात्याला बेटावर टाकलं, त्या मुलाला आम्ही मुलगी देणार नाही. आम्हाला तुम्ही पसंत नाही. निघा."

माझ्या तोंडात पोहे होते. ते तसेच राहिले. मी मागं वळून बघितलं, की हे कुणाला म्हणतायत. मागं भिंत होती.

"मला?"

"तुम्हालाच."

आणि मग मधली खुर्ची, बायोडाटावरचा तो शेंगेसारखा फोटो आणि कारखान्याचा प्रश्न, सगळं एकदम माझ्या डोक्यात येऊन बसलं. दादा समोर आला. बेटावर, ब्लेझरमध्ये, माझ्या वाटेकडं मान न वळवता बघत असलेला.

"गुरुजी," मी म्हणालो, "चूक होतीय. नवरदेव मी नाही."

"मग कोण आहे?"

"माझा भाऊ."

"कुठं आहे?"

आता ह्याला मी काय उत्तर देणार? खोटं बोलायची सवय नाही.

"तो पण बेटावरच आहे."

एक भाऊबंद खुर्चीत मागं कलला. मुलीनं तोंडावर हात नेला. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही नवरदेवालाही उतरवलंत?"

"पंचाण्णव किलो आहे, गुरुजी. बारा पिचला झेपत नाही."

पुढचं मी काही ऐकलं नाही, मी पळत सुटलो काठाकडं. मागून गुरुजी, भाऊबंद, आतून आई आणि आत्या, त्यांच्या मागं निम्मं गाव. आणि काठावर येऊन बघतो तर समोरून तो मघाचा थर्माकोलवाला येतोय. पुढं तो फळकुटं मारतोय आणि मागं, तराफ्यावर मांडी घालून, बूट हातात घेऊन, कमरेपर्यंत भिजलेला संतूदादा. तराफा पाण्याखाली गेलेला, त्यामुळं दोघं जण पाण्यावरच बसून आल्यासारखे दिसत होते. आणि तरी, सांगायला लाज वाटते, आमच्या बोटीपेक्षा वेगात होते.

दादा उतरला. ओल्या ब्लेझरनं वाकून गुरुजींच्या पाया पडला आणि पहिलं वाक्य काय बोलावं त्यानं?

"उशीर झाला, माफ करा. मी नंतर बसतो. आधी कुणीतरी आमच्या अण्णांना आणायला जाता का? त्यांना उन्हाचा त्रास होतो."

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत त्याच्याकडं. घड्याळाकडं त्यांनी बघितलंच नाही. साडेदहा होऊन गेले होते.

मनीषानं आत जाऊन टॉवेल आणला आणि दादाच्या हातात दिला. एवढंच. पण बायकांत लगेच कुजबूज झाली, आणि आई पदरानं डोळे पुसायला लागली.

मी बोट घेऊन बेटावर गेलो. एकेकाला आणलं, तीन खेपा करून, मुकाट्यानं. आप्पा आणि नानांनी वाट बघून बघून एक क्रेट डाळिंबं खाल्ली होती, त्यामुळं दोघांच्या सदऱ्यांवर असे डाग होते की पोलीस केस वाटावी. अण्णा हट्टानं शेवटच्या खेपेला आले. काठाला लागल्यावर फक्त म्हणाले, "चार पात्याचा घे म्हनलं हुतं."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. नंतर नानांनी सगळीकडं सांगितलं की स्थळ त्यांनी जमवलं. कसलं जमवलं. दादाला आधी नुसताच बघितला असता तर गुरुजींनी वजन काढलं असतं, वय काढलं असतं, फोटो काढला असता. पण त्याच्या आधी मी बसून गेलो होतो त्या खुर्चीवर. माझ्यानंतर कुणीही आला असता तरी सोन्याचाच वाटला असता.

लग्न उन्हाळ्यात झालं. मी सात पिचचा पंखा बसवला. बोट आता पळत नाही, पण आप्पा, नाना आणि क्रेट एकत्र घेऊन न कण्हता जाते.

तर ह्या वर्षी घरच्यांना सुचलं की आता धाकट्याचंही बघावं. दोन-तीन ठिकाणी बायोडाटा गेला. फोटो नवा, मी स्वतः काढलेला. पण आपल्याकडं मुलीवाले बायोडाटा वाचत बसत नाहीत, ते मुलाच्या पाहुण्यांत चौकशी करतात. आणि आमच्या पाहुण्यांत सगळ्यांत वजनदार, खरं बोलणारा माणूस कोण? दादाचे सासरे. सगळे फोन गुरुजींनाच.

परवा वहिनीला माहेरी सोडायला निघालो होतो. बोट निवांत चाललेली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पारनेरकडच्या लोकांचा बाबांना फोन आला होता. तुमची चौकशी करत होते."

"मग? काय म्हणाले गुरुजी?"

"चांगलंच बोलले. मुलगा निर्व्यसनी आहे, वेळेवर येतो, खोटं म्हणून बोलत नाही."

मला बरं वाटलं. मी मूठ जरा पिळली. "मग?"

"मग त्यांनी विचारलं, एवढा गुणी आहे, तर तुमची मुलगी त्यालाच का नाही दिली?"

"काय सांगितलं मग?"

वहिनी पाण्यात हात बुडवून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाबा तरी खोटं कसं बोलतील, भाऊजी? म्हणाले, आधी त्यालाच बघितला होता."